एका बटणाचा डबा

"सगळं घर उलटंपालटं कर, पण स्वयंपाकघराला हात लावू नकोस," असं अण्णा फोनवर म्हणाले आणि थोरलीच्या मनात पाल चुकचुकली.

अण्णांनी आयुष्यात कधी स्वयंपाकघराची बाजू घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. ते ड्राफ्ट्समन होते. चौतीस वर्षं त्यांनी जमिनींचे नकाशे काढले, केसाएवढ्या जाडीच्या रेषा ओढल्या. घरात त्यांची सत्ता होती ती खिडकीजवळच्या उतरत्या टेबलावर. ओटा, कोठी आणि फ्रिज हा सगळा आईचा मुलूख. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यानंतर अण्णा एकटेच राहत, स्वतःपुरतं करून खात, आणि त्याबद्दल कोणी काही विचारलं की विषय हवापाण्यावर नेत.

थोरली एका मोठ्या इस्पितळाच्या भांडारात होती. सलाइनच्या बाटल्यांपासून फिनेलच्या कॅनपर्यंत तिच्या सहीशिवाय काही हलत नसे. जुना माल पुढे, नवा मागे, मुदत संपलेला वेगळा, हे तिच्या हाडीमासी खिळलेलं. एकोणीस वर्षं त्या कपाटांमध्ये काढल्यावर ती एक गोष्ट शिकली होती. माणूस ज्या कपाटाला पाठ लावून बोलतो, ते कपाट आधी उघडून बघायचं. घरी तिला फौजदार म्हणायचे ते उगाच नाही.

वर्षभर ती जाईन जाईन म्हणत होती आणि अण्णा दर वेळी काहीतरी आडवं घालत होते. कधी घरात रंगकाम, कधी ते स्वतःच मित्राच्या गावी, कधी "तुझी धावपळ कशाला, मीच येतो तिकडे." आले मात्र कधीच नाहीत. धाकटा भाऊ दूरदेशी. त्याला विचारलं तर म्हणाला, एकटा माणूस आहे, लहरी होणारच, तू डोक्यात घेऊ नकोस. थोरलीने डोक्यात घेतलं. थंडी सरली, सकाळी खिडक्या उघड्या ठेवता येतील असे दिवस आले, तेव्हा तिने चार दिवसांची रजा टाकली आणि निघायच्या आदल्या दिवशीच अण्णांना कळवलं. चांगली साफसफाई करून देते, म्हणाली. त्यावर अण्णांचं हे उत्तर.

दार अण्णांनीच उघडलं. सदरा इस्त्रीचा, दाढी केलेली, तब्येत जरा उतरलेली. "आलीस? ये," म्हणाले. पण बघत होते तिच्या उजव्या कानाकडे, जणू तिच्यामागे आणखी कोणी उभं आहे. थोरलीने मागे वळून पाहिलं. जिन्यावर कोणी नव्हतं. पुढे तासभर ती प्रवासाचं, इस्पितळाचं, मुलांचं सांगत राहिली आणि अण्णा हं हं करत तिच्या कानापलीकडच्या भिंतीशी बोलत राहिले. समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलायचं, असं याच माणसाने दोन्ही पोरांना धाक घालून शिकवलं होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

ते कुठे, याचा पहिला सुगावा तासाभरात लागला. बाहेरच्या दाराला किल्ली फिरली आणि समोरच्या घरातल्या टेलरबाई आत आल्या. साठीच्या, बुटक्या, गळ्यात मोजपट्टी, हातात दोन डबे. बैठकीकडे न बघता त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. फ्रिज उघडल्याचा, काहीतरी सरकवल्याचा, फ्रिज बंद केल्याचा आवाज आला. परत येताना थोरली दिसली तशा त्या जागीच थबकल्या. "अगंबाई, आजच आलात होय?" एवढं त्या बोलल्या आणि त्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा खोकले. मग टेलरबाईंनी भाजी जास्त झाली होती वगैरे काहीतरी सांगितलं आणि पाय काढता घेतला.

किल्ली त्यांच्याकडे कशी, असं थोरलीने विचारलं.

"मी विसरतो कधी आत. म्हणून एक तिच्याकडे."

किल्ली विसरणारा माणूस आणि अण्णा, या दोन गोष्टी एका वाक्यात बसत नव्हत्या. थोरलीने मनात नोंद केली.

दुपारी अण्णा आडवे झाले तशी ती स्वयंपाकघरात शिरली. हात लावायचा नाही म्हणून हात मागे बांधून, नुसती डोळ्यांनी पाहणी. ओट्याला लागून कोठी, जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी, तीन बाजूंनी फळ्या. आईच्या वेळी तिथे काचेच्या बरण्या असत, निळ्या झाकणांच्या, आणि प्रत्येकीवर अण्णांच्या छापल्यासारख्या अक्षरात चिठ्ठी. साखर. मीठ. तांदूळ, जुना. तांदूळ, नवा. आता एकही काचेची बरणी नव्हती. सगळे प्लास्टिकचे डबे, एकाच आकाराचे, पांढऱ्या झाकणांचे. चिठ्ठी एकावरही नाही. त्याऐवजी डब्यांच्या गळ्याभोवती शिलाईचं इलॅस्टिक, आणि त्यात ओवलेली बटणं. कशावर एक, कशावर दोन, कशावर तीन. पिठाच्या डब्याला कोटाचं भलंमोठं बटण. एका डब्याला पितळी हूक.

तिने फ्रिज उघडला. तिथेही तेच. वरच्या फळीवर चार चपटे डबे ओळीने, पहिल्याला एक बटण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला चार. दुधाच्या बाटलीला जाड लोकरीची गाठ. आणि मागच्या कोपऱ्यात, बटण नसलेली जॅमची बाटली. आत बोटभर हिरवी-पांढरी बुरशी. खाली भाज्यांच्या खणात एक काकडी पाणी होऊन तळाला चिकटलेली. मिलिमीटरचा फरक ज्यांना शेजारच्या टेबलावरून दिसायचा, त्या अण्णांच्या फ्रिजमध्ये.

थोरलीने फ्रिजचं दार लावलं आणि त्याला टेकून उभी राहिली. शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या गाठोड्यांना अशाच खुणा बांधतात, कोणतं कोणाचं ते कळावं म्हणून. मग इथे कोणी कोणाच्या मालावर खूण बांधली होती? किल्ली तिच्याकडे, डबे तिचे, बटणं तिची. बाई हळूहळू घरात शिरली होती आणि कोठीपासून सुरुवात केली होती, एवढं तर उघड दिसत होतं.

अण्णा उठल्यावर तिने सहज विचारावं तसं विचारलं, डब्यांना ही बटणं कसली?

"झाकणं सैल आहेत. घट्ट बसावीत म्हणून," अण्णा तिच्या कानाला म्हणाले.

इलॅस्टिक डब्याच्या गळ्याला होतं. झाकणाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

संध्याकाळी ती टेलरबाईंचा रिकामा डबा परत करायचं निमित्त करून समोर गेली. दोन खोल्या, एकीत शिलाई मशीन, कापडांचे ढीग, भिंतीला लावलेल्या रिळांच्या रांगा. टेलरबाई पाणी आणायला आत वळल्या आणि अर्ध्या उघड्या दारातून थोरलीला आतली फळी दिसली. फळीवर निळ्या झाकणांच्या काचेच्या बरण्या. सात. चिठ्ठ्यांसकट. अण्णांच्या अक्षरातलं "साखर" लांबूनही वाचता येत होतं.

तिचं डोकं सणकलं. तरी आवाज न चढवता ती म्हणाली, "या आईच्या बरण्या आहेत."

"हो, त्यांच्याच," टेलरबाई म्हणाल्या.

"मग त्या इथे कशा?"

टेलरबाईंनी पाण्याचा पेला मशीनवर ठेवला. मग म्हणाल्या, "ते साहेबांना विचारा. मी सांगायचं नाही असं ठरलंय."

"काय ठरलंय? तुमचं आणि त्यांचं काय काय ठरलंय?"

टेलरबाई मशीनवरचं कापड आवरायला लागल्या. चेहरा मात्र लाल झाला. थोरलीने तेवढ्यात समजायचं ते समजून घेतलं. आईच्या वस्तू आईच्या घरी याव्यात एवढीच माझी इच्छा आहे, असं मोजून मापून सुनावलं आणि पाणी न पिताच बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा नेहमीप्रमाणे कोपऱ्यावरच्या वाचनालयात गेले. निवृत्त माणसांचा तिथे अड्डा असे, ते दुपारी परतत. जाताना पुन्हा बजावलं, स्वयंपाकघर आहे तसं असू दे. थोरली हो म्हणाली. दार उघडून बघते तर उंबऱ्यापाशी सातही बरण्या जुन्या चादरीत एक एक गुंडाळून ठेवलेल्या. चिठ्ठी नाही, निरोप नाही. चोरीचा माल असाच परत येतो, तिने मनात म्हटलं आणि पदर खोचला.

मग मात्र तिने जे काम केलं ते बघायला आई हवी होती. आधी फ्रिजचा प्लग काढून दार उघडं टाकलं, बर्फ सुटून पाणी पडेल म्हणून खाली जुने टॉवेल. तोवर कोठी रिकामी. एकेक फळी वरून खाली, सगळं जेवणाच्या टेबलावर, तीन ढिगांत. ठेवायचं, टाकायचं, विचारायचं. विचारायचं असं फारसं निघालं नाही, कारण विचारायचं कोणाला? रव्यात जाळी धरलेली, टाकला. एकाच बिस्किटांचे पाच पुडे, त्यांतले दोन गेल्या वर्षीचे. सुपाची पाकिटं मुदत उलटून सात महिने झालेली. कोठीच्या कोपऱ्यातून मुंग्यांची बारीक रांग निघाली, ती फुटक्या गुळाच्या पुड्याशी थांबली. फळ्यांचा चिकटा जाईना म्हणून कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून तिने दोनदा घासल्या, कोरड्या फडक्याने पुसल्या, खिडकी उघडून वारा खेळू दिला. फ्रिजची काचेची फळी, खण, अंड्यांची पट्टी, सगळं बाहेर काढून धुतलं. दाराच्या रबराच्या चुण्यांत साचलेलं काळं जुन्या टूथब्रशने काढलं.

बटणं तिने शेवटी घेतली. कात्री लावून एकेक इलॅस्टिक कापलं. बटणं वाटीत पडताना टणटण वाजत होती आणि खरं सांगायचं तर तिला त्या आवाजाने बरं वाटत होतं.

मग मांडणी. साखर, मीठ, चहा, डाळी आईच्या बरण्यांत, डोळ्यांच्या रेषेत. जड पिठं खाली. रोजचं पुढे, क्वचितचं मागे. जुन्या चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या होत्या म्हणून तिने नव्या लिहिल्या, ठळक निळ्या शाईत, जिन्नस आणि खाली तारीख. उरलेला धुण्याचा सोडा एका रिकाम्या पांढऱ्या डब्यात भरून खाण्याच्या जिनसांपासून दूर, दाराजवळच्या खालच्या फळीवर ठेवला आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "धुण्याचा सोडा. खाऊ नये." इस्पितळात अशी कोठी बघून वरिष्ठांनी सही ठोकली असती.

अण्णा परतले ते पावणेतीनला. कोठीच्या दारात उभे राहिले. थोरली कौतुकाची वाट बघत बाजूला उभी. अण्णांनी हात पुढे केला, मधल्या फळीवरची बरणी चाचपली, तिच्या गळ्यावरून बोट फिरवलं. दुसरीच्याही. मग हात मागे घेतला.

"छान केलंस," म्हणाले. आवाज इतका सपाट की तिला वाटलं, याहून रागावले असते तर बरं.

त्या दिवशी अण्णांनी चहा केला नाही. तिने विचारलं तर नको म्हणाले. जेवताना भूक नाही म्हणाले. टेलरबाई फिरकल्या नाहीत आणि अण्णा दोनदा उठून दाराशी जाऊन आले. थोरलीने त्यातून सरळ अर्थ काढला. उघडं पडल्यामुळे दोघांचं बिनसलं होतं. आता बाई एकदा तरी येऊन सारवासारव करणार, आणि येणार ती थोरली उठायच्या आत. म्हणून तिसऱ्या दिवशी ती पहाटेच जागी झाली. उजेड पडला तसा स्वयंपाकघरात आवाज झाला. ती अनवाणी गेली आणि दाराच्या चौकटीआड उभी राहिली.

आत अण्णा एकटेच होते. खिडकीतून लख्ख कोवळं ऊन थेट फळ्यांवर पडलं होतं. गॅसवर पाणी उकळत होतं. अण्णांनी मधल्या फळीवरची एक बरणी उघडून वास घेतला, ठेवली. दुसरी उघडली, वास घेतला, चिमूटभर पत्ती उकळत्या पाण्यात टाकली. मग वाकून दाराजवळच्या खालच्या फळीला हात लावला आणि कडेपासून बोटांनी मोजलं. एक, दोन, तीन. तिसरा डबा उचलला. त्याच्या गळ्याभोवती अंगठा फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला. झाकण उघडून नाकाशी नेलं. वास नव्हता. मग चमच्याने दोन चमचे पांढरी पूड कपात घातली, वर चहा गाळला.

सोड्याचा डबा होता तो. तिची निळी अक्षरं अण्णांच्या तोंडासमोर होती. मुद्दाम करतायत, असं तिच्या मनात आलं. माझ्यावरचा राग काढतायत, मला दाखवायला. पण ती इथे उभी आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. अण्णांनी कप उचलला, फुंकर घातली.

ती धावली आणि तिने त्यांचं मनगट धरलं. गरम चहा दोघांच्या हातांवर सांडला.

"अण्णा, त्या डब्यावर काय लिहिलंय?"

 अण्णा तिच्या कानाकडे बघत म्हणाले, "तू लिहिलंयस. तुला ठाऊक."

"तुम्ही वाचा."

"नाही येत," अण्णा म्हणाले.

तिने कप त्यांच्या हातातून घेऊन बेसिनमध्ये ओतला, त्यांचे हात थंड पाण्याखाली धरले. आपले धरायचे राहून गेले. मग दोघं टेबलाशी बसली आणि अण्णांनी सांगितलं. दीड वर्षापूर्वी पहिल्यांदा वर्तमानपत्राच्या ओळी मध्येच वाकड्या दिसायला लागल्या. सरळ रेषा वाकडी दिसते म्हटल्यावर त्यांना आधी वाटलं, छपाई चुकलीय. मग मधोमध एक राखाडी डाग आला, तो पसरत गेला. चालता येतं, रस्ता कळतो, दार, खुर्ची, येणारी गाडी कळते. पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलं जातं.

"मधलं गेलंय, कडा राहिल्यात," अण्णा म्हणाले. "तुझ्याकडे सरळ पाहिलं की तुझा चेहरा सोडून सगळं दिसतं. कानाकडे पाहिलं तर चेहऱ्याचा थोडा भाग हाताशी लागतो." आणि जरा थांबून, "अशीच बस, हलू नकोस. केस पांढरे झालेत की तुझे."

थोरलीला रडू आलं नाही. तिला स्वतःचा संताप आला. दोन दिवस ती या माणसाच्या नजरेत पाप शोधत होती.

का नाही सांगितलं, असं तिने विचारलं. त्यावर अण्णांचं म्हणणं सरळ होतं. सांगितलं असतं तर तू मला उचलून तुझ्याकडे नेलं असतंस, गॅसला हात लावू दिला नसतास, खुर्चीत बसवून ठेवलं असतंस. हे खोटं होतं असं तिला म्हणता येईना. डॉक्टरांना दाखवलं का, तर हो, एकदा. उपाय नाही म्हणाले. थोरलीने ते ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. ते तिने मनातल्या तिसऱ्या ढिगात टाकलं, विचारायच्या.

आधी मात्र समोर जायला हवं होतं. ती तशीच गेली. टेलरबाई मशीनवर होत्या. थोरली दारातच म्हणाली, "मला कळलं. अण्णांनी सांगितलं. माझं चुकलं, काकू."

टेलरबाईंनी शिवण पुरी केली, दोरा दाताने तोडला, मग मान वर केली. त्या काही साध्वी नव्हत्या. चांगल्या चिडलेल्या होत्या आणि त्यांनी ते लपवलं नाही. आधी त्यांनी बरण्यांचं सांगितलं. अण्णांच्या हातून दोन काचेच्या बरण्या फुटल्या, तळव्याला तीन टाके पडले. बाकीच्या फुटू नयेत म्हणून त्यांनी उचलून आपल्याकडे ठेवल्या आणि आपले प्लास्टिकचे डबे तिकडे दिले. लेकीला सांगा म्हणून त्या वर्षभर अण्णांच्या मागे लागल्या होत्या. अण्णांनी शपथ घातली होती.

"तीन महिने लागले ते बसवायला," त्या म्हणाल्या. "एक बटण साखर, खालच्या फळीवर कडेपासून तिसरा डबा. दोन मीठ, तीन चहा. फ्रिजमधला एका बटणाचा डबा आज खायचा, दोनाचा उद्या, तिनाचा परवा, चाराचा तेरवा. बटण नसेल ते खायचंच नाही. एकदा त्यांनी मिठाची खीर केली, एकदा मी चुकून दोनाच्या जागी चार लावली आणि त्यांचं पोट बिघडलं. असं करत करत बसलं. आणि तुम्ही एका सकाळीत साफ केलंत."

 थोरलीने एवढंच विचारलं, पुन्हा लावून द्याल का? टेलरबाई म्हणाल्या, मी नाही लावणार, तुम्ही लावा, मी सांगते. आणि इलॅस्टिकचं रीळ काढून तिच्या हातात दिलं.

ती दुपार तिघांची कोठीत गेली. अण्णा खुर्ची टाकून दारात बसले आणि हुकूम सोडत राहिले. बरण्या परत चादरीत गेल्या. मुदत संपलेलं टाकलंस ते उत्तम केलंस, फळ्या घासल्यास तेही, हे टेलरबाईंनाही मान्य करावं लागलं, कारण मागच्या कोपऱ्यातली बुरशी त्यांच्याही नजरेतून सुटली होती. सोडा घराबाहेर गेला. काडेपेटी कुठे ठेवायची यावरून टेलरबाई आणि अण्णा यांच्यात चांगली खडाजंगी झाली. टेलरबाईंना ती डावीकडे हवी, अण्णांना उजवीकडे, आणि दोघांकडेही कारणं होती. थोरलीने डोळे मिटून दोन्ही करून पाहिलं. डोळे मिटून गॅस पेटवायला उभं राहिल्यावर तिला कळलं की आपण काल इथे काय केलं होतं. काडेपेटी उजवीकडे राहिली.

भांडारातली तिची शिस्तही थोडी कामाला आली. नवीन आणलेलं सामान मागे आणि जुनं पुढे राहावं म्हणून तिने फळीला मधोमध एक लाकडी पट्टी ठोकली. पट्टीच्या अलीकडचं संपल्याशिवाय पलीकडे हात घालायचा नाही. अण्णांनी पट्टीवरून बोट फिरवलं आणि ती एका बाजूला दोन मिलिमीटर वर आहे असं सांगितलं. तिने मोजून पाहिलं. होती.

चौथ्या दिवशी तिने रजा वाढवली आणि अण्णांना न विचारता नेत्रचिकित्सालयात फोन लावला. तिथल्या बाईंनी जुनी नोंद काढून वाचली. उजव्या डोळ्याला उपाय नाही असं डॉक्टर म्हणाले होते हे खरं. पण डाव्या डोळ्यात इंजेक्शन द्यायला महिन्याभरात परत बोलावलं होतं. रुग्ण आला नाही. पत्रही पाठवलं होतं.

"पत्र आलं असेल," अण्णा म्हणाले. "मला काय कळणार कुठलं पत्र कसलं ते."

"मग यांना दाखवायचं," थोरली टेलरबाईंकडे हात करून म्हणाली.

 हे टेलरबाईंनाही नवीन होतं. त्यांनाही उपाय नाही एवढंच सांगितलं गेलं होतं. दोन बायका अण्णांकडे बघत राहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा अण्णांना कोणाच्या कानाकडे बघावं ते सुचेना. शेवटी कबूल केलं. डोळ्यात सुई घालणार, या कल्पनेने ते घाबरले होते. एवढंच. नकाशाच्या कागदावर टाचणीने भोक पाडणारा माणूस. ते सांगताना त्यांचे कान लाल झाले होते.

पाचव्या दिवशी थोरलीने त्यांना धरून नेलं. डॉक्टरांनी वर्ष वाया घालवल्याबद्दल चार शब्द सुनावले, ते अण्णांनी मान खाली घालून ऐकले. डाव्या डोळ्यातलं गेलेलं सगळं परत येणार नव्हतं, पण आहे ते थांबवता येण्यासारखं होतं. पहिली सुई त्याच आठवड्यात झाली. अण्णा बाहेर आले तेव्हा डोळ्यावर पट्टी होती आणि म्हणत होते की डास चावल्याएवढंही नव्हतं. हा डास वर्षभर तिघांना चावत होता, असं थोरली म्हणाली.

धाकट्याने फोनवर सगळं ऐकल्यावर लगेच सुचवलं की अण्णांना आता एकटं ठेवू नये. तीन दिवसांपूर्वी थोरलीही हेच म्हणाली असती. आता तिने त्याला सांगितलं की आधी येऊन यांच्या कोठीत डोळे मिटून एक कप चहा करून दाखव, मग बोलू. अण्णा आपल्या घरीच राहिले. डावा डोळा पुढे बिघडला नाही. वाचता येत नाही, पण कोणी अगदी जवळ येऊन उभं राहिलं तर चेहरा ओळखतात.

थोरलीचा स्वभाव काही बदलला नाही. इंजेक्शनची तारीख ती आधी चिकित्सालयाला विचारते, मग टेलरबाईंना, मग अण्णांना, आणि तिन्ही उत्तरं जुळली तरच पुढचं बोलते. एकदा जुळली नाहीत. चिकित्सालय म्हणालं, रुग्ण आलाच नाही. अण्णा म्हणाले, झालं, छान झालं. टेलरबाईंनी फोनच उचलला नाही. थोरलीने रात्रीची गाडी पकडली नाही एवढंच. तिने वाचनालयातल्या एका निवृत्त मास्तरांना फोन करून चौकशीला धाडलं. मास्तर तासाभराने कळवते झाले. टेलरबाईंना चार दिवस ताप होता. अण्णा दिवसातून तीनदा मऊ भात करून समोर नेत होते, औषधाच्या वेळा सांभाळत होते, आणि त्यांना एकटं टाकून सुई टोचून घ्यायला जाणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

थोरलीने दोघांनाही फोनवर फैलावर घेतलं, पुढच्या मंगळवारची तारीख ठरवून दिली आणि त्या दिवशी स्वतः येते म्हणाली.